तक्त्यातली सातवी ओळ

"किती झाले?" मोहरील सरांनी दारातूनच विचारलं.

"सहाशे बारा."

"स्वल्पविराम धरून?"

"धरून. ते सोडले तर दोनशे चाळीस उरतात."

"सोडायचे नाहीत. एकही सोडायचा नाही, ठवकरबाई. स्वल्पविराम काय झाडाला लागतात? कोणीतरी मान मोडून बसतं तेव्हा ते जागेवर पडतात. सोमवारी सांगायचं हे त्यांना."

माझ्यापुढं दोन गठ्ठे होते. एकात आमच्या त्रैमासिकाचे अंक, दुसऱ्यात सरकारी संकेतस्थळावरून छापून काढलेले तेच लेख. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची आणि फरक दिसला की यादीत टाकायचा. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नव्हतं. स्वयंपाक करतानासुद्धा भाजीकडं बघून वाटायचं, मूळ प्रतीत मीठ कमी होतं का?

गोष्ट आहे बारा-तेरा वर्षांपूर्वीची, नागपुरातली. मोहरील सरांच्या वडिलांनी सुरू केलेलं वैद्यकीय संशोधनाचं एक इंग्रजी त्रैमासिक आम्ही काढायचो. आम्ही म्हणजे सर धरून पाच माणसं, आणि त्यात लेखांवर शेवटचा हात फिरवणारी मी, वैजयंती ठवकर. लेख डॉक्टर लिहायचे, तपासायचेही डॉक्टरच. पण आकड्यांची बेरीज शंभर होते का, पान तीनवर बावन्न असलेले रुग्ण पान पाचवर एकावन्न कसे झाले, हे बघायला मी. अंक विकत घ्यायची वैद्यकीय महाविद्यालयांची ग्रंथालयं. त्यावर आमचं चालायचं.

मग राज्य सरकारनं 'शोधसंग्रह' काढला. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांना फुकट वाचता आलं पाहिजे, म्हणून सरकारी नोकरीतल्या डॉक्टरनं आपल्या लेखाची प्रत सहा महिन्यांच्या आत तिथं चढवायची. आमचं छापलेलं पान त्याला देता यायचं नाही, ते आमचं. म्हणून तो आमच्याकडं पाठवलेली मूळ टाइप केलेली प्रत चढवायचा. म्हणजे एकाच लेखाच्या दोन प्रती झाल्या. आमचा हात फिरलेली विकत, न फिरलेली फुकट.

फुकट ते पौष्टिक. दोन वर्षांत ग्रंथालयांनी अंक बंद करायला सुरुवात केली.

सरांनी मंत्र्यांना पत्रं लिहिली, प्रकाशकांची संघटना उभी केली, तिचे अध्यक्ष झाले. शेवटी सरकारनं एक समिती नेमली आणि तिची सुनावणी सोमवारी सिव्हिल लाइन्समधल्या विश्रामगृहात होती. "तुम्ही नेमकं काय काम करता?" असा प्रश्न समितीनं आधीच लेखी पाठवला होता. सरांना तो फार लागला होता. एकतीस वर्षं झाली, असं ते ज्याला त्याला सांगायचे, एकतीस वर्षांनी विचारून राहिले, तुम्ही करता काय. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माझी यादी.

शुक्रवारी दुपारी मी एकोणचाळिसावा लेख काढला. डॉ. सरिता कुळमेथे, गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या. झटके येणाऱ्या लहान मुलांना, जवळ मोठं हॉस्पिटल नसताना, पहिल्या दिवसात कोणतं औषध किती द्यावं, असा लेख. मधोमध अकरा औषधांचा एक तक्ता. आमच्या अंकात तो तक्ता असा देखणा आला होता की बघत राहावं. वर मथळा, 'एका वेळची मात्रा, दर किलो वजनामागे', आणि खाली नुसते आकडे, शिस्तीत. सरकारी प्रतीत तोच तक्ता गबाळा. प्रत्येक चौकटीत सगळे शब्द पुन्हा पुन्हा.

सातव्या ओळीशी मी थांबले. आमच्याकडं पंधरा. त्यांच्याकडंही पंधरा, पण पुढं लिहिलं होतं, दिवसभराची एकूण मात्रा, तीन भागांत.

पुन्हा वाचलं. मग उठले आणि सरांच्या खोलीत गेले.

"सर, एका ठिकाणी औषधाच्या मात्रेतच फरक आहे. आपली एका वेळची आहे, त्यांची दिवसाची."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या प्रतीवरून औषध दिलं तर मुलाला तिसरा हिस्साच मिळेल."

सर खुर्चीतून उठले. दोन्ही कागद खिडकीशी नेऊन त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचले, आणि मी त्यांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"सापडलं! अहो ठवकरबाई, ते सहाशे बारा एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्यात. झटके येणारं पोर, आणि सरकारच्या फुकट कागदावरून त्याला तिसरा हिस्सा औषध! आता विचारा म्हणावं, तुम्ही काय काम करता."

"त्यांना आजच कळवायला हवं, सर."

"कळवूच की. सोमवारी. सगळ्यांसमोर."

"मध्ये दोन दिवस आहेत."

"शनिवार-रविवारी कुठली सरकारी कचेरी उघडी असते? आज चार वाजता फोन केला तर उचलणारा चहाला गेलेला असेल." त्यांनी कागद मला परत दिले. "तुम्ही एक करा. त्या बाईंनी सही करून पाठवलेली प्रुफं काढून ठेवा. मूळ प्रतीतली चूक त्यांनी प्रुफात दुरुस्त केली, हे त्यांच्याच अक्षरात दाखवता आलं पाहिजे."

मला ते सोमवारपर्यंत थांबणं आवडलं नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, खुशीही झाली होती. पंचवीस वर्षं लाल पेन घेऊन बसलेल्या बाईला असा दिवस किती वेळा मिळतो? आमचं बरोबर आणि त्यांचं चूक, याबद्दल माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. छापलेलं ते खरं, यावरच तर माझं पोट होतं.

शनिवारी सकाळी मी आणि दौलतभाऊ दप्तराच्या खोलीत शिरलो. दौलतभाऊ नंदेश्वर सरांच्या वडिलांच्या वेळचे. खोलीतली प्रत्येक फाइल त्यांना माणसासारखी ओळखीची. चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबर अंकाची फाइल त्यांनी दोन मिनिटांत काढून दिली.

आत सहीची प्रुफं नव्हती. त्या जागी एक चिठ्ठी टाचलेली होती. "आठ दिवसांत उत्तर नाही. मान्य समजून छापावे." खाली सही, वै. ठ.

हा आमचा नियम होता. लेखकाला प्रुफं, म्हणजे छापण्याआधीची पानं, तपासायला पाठवायची आणि आठ दिवस वाट बघायची. उत्तर आलं नाही तर लेखकाला सगळं मान्य. दिवस मोजायचे ते आम्ही टपालात टाकल्या तारखेपासून. नियम केला सरांच्या वडिलांनी, तेव्हा बहुतेक लेखक धंतोली-रामदासपेठेत राहायचे आणि दौलतभाऊ सायकलवरून प्रुफं नेऊन द्यायचे. गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यात टपाल किती दिवसांनी पोचतं, हे नियमाला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बाई, हे मागं काय आहे?" दौलतभाऊंनी फाइलच्या पुठ्ठ्यातून एक पाकीट ओढून काढलं. "हे तर कोनं उघडलंच नाही."

उघडलं नव्हतं, कारण उघडायचं नसायचं. उशिरा आलेली प्रुफं तशीच बंद फाइलला लावायची, हीही पद्धतच. अंक छापखान्यात गेलेला असायचा. पाकीट उघडलं की आतलं माहीत होणार, माहीत झालं की दुरुस्ती छापणं आलं, आणि दुरुस्त्या छापणाऱ्या पत्रिकेची पत जाते. बंद पाकिटाचा कोणाला त्रास नव्हता.

मी ते उघडलं. माझीच प्रुफं होती. सातव्या ओळीभोवती शिसपेन्सिलीचं वर्तुळ, आणि समासात मराठीत लिहिलेलं.

"इथं घोळ झाला आहे. हे औषध दिवसभराचं आहे, तीन भागांत द्यायचं. तुम्ही सगळ्या चौकटींतले शब्द काढून वर एकच मथळा केलात, त्यात ही ओळ एका वेळची झाली. एवढं एका वेळी दिलं तर मुलाचा श्वास मंद होईल. छापण्याआधी कृपया बदला. नाल्याला पूर होता, टपाल चार दिवस थांबलं, म्हणून उशीर. क्षमस्व."

चौकटीत शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्यायचे नाहीत, सगळ्यांना एक मथळा करायचा, हा आमच्या पत्रिकेचा नियम, आणि तो सगळ्यांत काटेकोर पाळणारी मी. अकरांतल्या दहा ओळी सारख्या होत्या. उरलेली एक वेगळी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तक्ता देखणा करायच्या नादात एका औषधाची मात्रा मी तिप्पट केली होती.

"काय झालं, बाई?" दौलतभाऊ म्हणाले. "पानी आनू का?"

"नको. मला त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधून द्या."

फोन चौथ्यांदा लागला.

"मी नागपूरहून बोलते, पत्रिकेतून. वैजयंती ठवकर. तुमच्या लेखातल्या तक्त्याबद्दल..."

"सातवी ओळ नं?" पलीकडून बाई म्हणाल्या.

मी सातवी म्हटलंच नव्हतं.

"दोन पत्रं पाठवली मी तुम्हाला. एक प्रुफांसोबत, एक अंक आल्यावर. उत्तर नाही. म्हटलं, छापणारे मोठे लोक, त्यांना कुठं वेळ."

"पत्रं... ती आमच्याकडं उघडलीच गेली नाहीत."

"असं." मग त्या म्हणाल्या, "मग मी तरी काय करणार होते? तुमचा अंक घेऊन गावोगाव फिरू का, की बाप्पा, हा वाचू नका? सरकारची ती साइट सुरू झाली तशी मी माझी मूळ प्रत तिथं चढवली. पहिल्याच आठवड्यात. आमच्याकडं नेट मिळतं ते पाण्याच्या टाकीवर. चढले टाकीवर. निदान एका जागी तरी बरोबर असू दे म्हटलं."

मी सहाशे तेरा फरकांची यादी केली होती, आणि ती प्रत तिथं का होती हेच मला माहीत नव्हतं.

"डॉक्टर, कोणाला काही झालं का त्यामुळं?"

"मागच्या पावसाळ्यात एका डॉक्टरचा फोन आला. नवीन पोरगा, खेड्यातल्या नोकरीचं वर्ष भरायला आलेला. कॉलेज सोडताना तुमच्या अंकातल्या तक्त्याची झेरॉक्स काढून घेतली होती त्यानं. छान आहे म्हणे तक्ता, एका नजरेत कळतो. चार वर्षांची पोरगी आली झटके येत असलेली. दोन डोस दिले, मग ती उठेचना. अठरा तास हातानं फुगा दाबून श्वास देत बसला."

"वाचली?"

"वाचली. वाचली म्हणून तर त्यानं फोन केला. न वाचलेल्यांचे फोन येत नाहीत, मॅडम."

मला क्षमा मागायची होती. तोंडातून आलं ते भलतंच. "आम्ही बघतो," असं म्हणाले मी, कारकुनासारखं, आणि फोन ठेवला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

सर दुपारी आले. मी पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"दौलतभाऊंना पाकिटाचं माहीत आहे. कुळमेथे डॉक्टरांना सगळंच."

त्यांना फोनवरचं सगळं सांगितलं. झेरॉक्स, ती पोरगी, अठरा तास. ते ऐकताना टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवत होते.

"सोमवार जाऊ द्या," शेवटी ते म्हणाले. "सातवी ओळ यादीतून काढून टाका. बाकी आहेच की. मार्चच्या अंकात दुरुस्ती छापू."

"कुठं?"

"शेवटच्या पानावर. असते तिथंच."

"सर, मार्चला तीन महिने आहेत. ती झेरॉक्स अजून किती जणांच्या खिशात असेल."

"मला कळत नाही का?" त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "सोमवारी हे बाहेर आलं तर पत्रिका संपली. पाच घरं आहेत या कचेरीवर. तुमचं एक त्यातलं. आणि चूक कोणाची, हे विचारतील ते. नाव द्यावं लागेल. तुमचं नाव द्यायची माझी इच्छा नाही."

हे ते मनापासून म्हणत होते. आणि मला तो मार्ग आवडला, हे मी आता लपवत नाही. गावात माझी ओळख काय होती? ठवकरबाईच्या हाताखालून चूक सुटत नाही. त्यांनी 'नाव देणार नाही' म्हटल्याबरोबर माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. "बरं," असं म्हणून मी घरी गेले.

रविवार मात्र काही केल्या जाईना. सकाळी कपाट काढलं, परत लावलं. वरणाला फोडणी दोनदा दिली. सासूबाई म्हणाल्या, "काय हरवलं तुझं? सकाळपासून घरभर फिरून राहिली." काही नाही म्हटलं. चार वर्षांची पोरगी म्हणजे किती वजनाची असते, असं मी मध्येच त्यांना विचारलं. चौदा-पंधरा किलो, त्या म्हणाल्या, का गं? मी कागदावर गुणाकार केला. पंधरा गुणिले पंधरा. मग तीननं भागलं. आकडे इतके सोपे होते की तिसरीतल्या पोरानंही बरोबर केले असते.

संध्याकाळी यादी साफ लिहून काढली. सहाशे बारा. सातवी ओळ गाळली आणि कागद नीट दिसत होता.

सोमवारी अकराला विश्रामगृहातल्या लांब टेबलाभोवती आम्ही बसलो. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सचिव, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. शेजारी शोधसंग्रहाचा अधिकारी, त्याच्यापुढं नियमांची फाइल. सर तासभर बोलले, आणि चांगले बोलले. वडिलांनी पायानं चालवलेल्या छपाईयंत्रापासून सुरुवात केली. मग माझ्याकडं हात केला.

"आमच्या सहसंपादक, वैजयंती ठवकर. फुकट प्रत आणि आमची प्रत यांतले सहाशे बारा फरक यांनी स्वतः मोजले आहेत."

मी उठले. अध्यक्षबाईंनी यादी चाळली. पानं उलटताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"यांतले अर्थ बदलणारे किती?"

"पंचवीस, मॅडम."

"सगळे नको ऐकायला. तुम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, तो एक सांगा."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. एका लेखात मेलेल्या रुग्णांची संख्या दाखल झालेल्यांपेक्षा जास्त होती, ती मी पकडली होती. सांगायला मजेदार, हशा पिकवणारी. मी तोंड उघडलं, आणि विचारला होता तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. सगळ्यांत महत्त्वाचा.

"तो या यादीत नाही," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी सांगितलं. तक्ता, मथळा, बंद पाकीट, आठ दिवसांचा नियम, झेरॉक्स. सरकारची प्रत बरोबर आहे, आमची चुकली आहे, आणि चूक मी केली आहे. मध्येच अध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, संपलं. आता काय व्हायचं ते आमचं होईल, पण त्या ओळीचं तरी भलं होईल.

शोधसंग्रहाच्या अधिकाऱ्यानं फाइल उघडली.

"म्हणजे या लेखाच्या दोन प्रतींत तफावत आहे, असं तुम्ही अधिकृतपणे सांगता?"

"हो."

"मग आमच्याकडची प्रत आजच काढावी लागेल."

मला वाटलं, त्याला कळलंच नाही. "अहो, तुमची बरोबर आहे!"

"असेल, मॅडम. नियम क्रमांक नऊ. दोन प्रतींत तफावत आढळल्यास छापील प्रत अधिकृत मानावी, आणि छापील दुरुस्ती येईपर्यंत संग्रहातली प्रत मागे घ्यावी. तुमची दुरुस्ती कधी येणार?"

"मार्चमध्ये," मी म्हणाले.

"मग मार्चमध्ये परत चढवू."

"तोवर बरोबर प्रत कुठंच राहणार नाही! कुठंच नाही, कळतंय का तुम्हाला? फक्त चुकीची राहील!"

"मी नियम केलेला नाही." तो थोडा ओशाळून सरांकडं बघत म्हणाला. "गेल्या वर्षी प्रकाशक संघटनेनं आग्रह धरला म्हणून हे कलम घातलं. मोहरील साहेबांचं पत्र आहे फाइलीत."

मी खाली बसले. त्या बाई पाण्याच्या टाकीवर चढल्या होत्या. एका जागी बरोबर होतं, आणि खरं बोलून मी तेही पुसायला निघाले होते. शनिवारी गप्प राहिले तेव्हा वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली.

सर उठून उभे राहिले.

"ती प्रत काढू नका," ते म्हणाले.

"साहेब, कलम नऊ..."

"कलम मीच लिहून दिलं होतं. शब्द माझे आहेत, मला पाठ आहे ते." त्यांनी माझ्यापुढची यादी ओढून घेतली, उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, शाळेत श्रुतलेखन घालतात तसं. "या लेखापुरती आमची छापील प्रत चुकीची आहे. शोधसंग्रहातली प्रत बरोबर आहे. तीच अधिकृत मानावी. ती फुकट आहे, ती सर्वांनी वाचावी." सही केली. तारीख घातली. कागद अध्यक्षबाईंपुढं ठेवला. "चूक कोणाची, असं विचाराल. पत्रिकेवर संपादक म्हणून नाव माझं आहे. पाकिटं उघडायची नाहीत, ही पद्धत माझ्या घरची आहे."

अध्यक्षबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "मोहरील, याचा तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर काय परिणाम होईल, कळतंय नं तुम्हाला?"

"मला वाचता येतं, बाई," सर म्हणाले.

प्रत काढली गेली नाही. सरकारचं धोरण होतं तसंच राहिलं, आणि आमची पत्रिका पुढं पाच अंक निघाली. हे होणारच होतं, असं सगळे म्हणतात. असेलही.

त्या दिवशी कचेरीत पोचल्यावर सरांनी सगळ्यांना बोलावलं, ग्राहकांची यादी पाच जणांत वाटली, आणि पाचपर्यंत आम्ही चौसष्ट ग्रंथालयांना फोन केले. सप्टेंबरचा तो अंक काढा, अमुक पान, सातवी ओळ, आत्ताच बदला, आम्ही फोन धरून ठेवतो. एका ग्रंथपालानं विचारलं, झेरॉक्स नेलेल्यांचं काय करू? मी म्हटलं, नोटीस लावा, मोठ्या अक्षरात. मग मीच कुळमेथे डॉक्टरांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. क्षमाही मागितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि ओपीडी आहे म्हणून फोन ठेवला.

सहा वाजता सर दप्तराच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा दिसत नव्हता.

"दौलत, अशी न उघडलेली पाकिटं अजून किती असतील?"

दौलतभाऊंनी फळ्यांवरून नजर फिरवली. "मोठ्या साहेबांपासून धरून? शंभरावर असतील."

"काढा."

तासाभरात टेबलावर ढीग झाला. काही पाकिटं पिवळी पडलेली, काहींवरची तिकिटं आता चालतही नव्हती. सगळ्यांत वरचं सरांनी उचललं, मेळघाटातून आलेलं, सात वर्षांपूर्वीचं. माझ्या मनात एकच चाललं होतं, आणखी कुठली मात्रा, आणखी कोणाचं पोर. त्यांनी कागद बाहेर काढला, वाचला, आणि स्टुलावर बसले.

"काय आहे, सर? कुठली ओळ?"

त्यांनी कागद माझ्याकडं दिला. प्रुफात एकही खूण नव्हती. खाली कोण्या डॉक्टरनं दोन ओळी लिहिल्या होत्या. माझ्या लेखातली एक गंभीर चूक तुम्ही पकडलीत, एरवी ती तशीच छापली गेली असती. हे काम करणारे आपण कोण आहात मला माहीत नाही, पण आपले फार आभार.

"सहा महिने," सर म्हणाले, "सहा महिने मी हेच शोधून राहिलो होतो, ठवकरबाई." आणि त्यांनी चष्मा काढून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.